ती मॅग्नम नको म्हणाली होती

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. दूरच्या लक्ष्यावर नेम धरण्यासाठी बनवलेली, साधी, स्वस्तातली रायफल. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की हळव्या होतात आणि गेलेल्या दिवसांसाठी उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आला, आणि अजून गेलेला नाही. तो कोणाचा आणि कशाचा, तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या अंगावर नक्षी नाही, अक्रोडाचे लाकूड नाही. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, आणि जाड, लांब नळी एका मोठ्या नटाने आवळून बसवलेली. त्या दिवशी आम्ही बऱ्याच बहिणी एका पट्ट्यावरून सरकत होतो. सगळ्यांचे शरीर सारखेच होते. फरक होता तो नळीच्या आतल्या भोकाचा आणि त्यात बसणाऱ्या काडतुसाचा. यालाच लोक कॅलिबर म्हणतात. माझ्या पुढच्या बहिणीला इंचाच्या हिशोबातली तीनशे आठची नळी लागली, मागच्या बहिणीला मिलिमीटरमधली साडेसहाची. मला लागली तीनशे मॅग्नमची. या काडतुसात दारू ठासून भरलेली असते. गोळी सुसाट जाते हे खरे, पण जेवढी ती पुढे जाते तेवढा धक्का मागे येतो. तो कोणाच्या खांद्यावर जाणार, हे त्या पट्ट्यावर कोणी कोणाला विचारत नाही.

तिथून मी अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या डार्टन फ्लॅट नावाच्या गावी आले. सगळीकडे करड्या रंगाची झुडपे आणि त्यांना आडवे पाडणारा वारा. गावात बंदुकांचे दुकान एकच, कॉर्विन स्टाडचे. कॉर्विन धिप्पाड होता, आवाजाने भरदार होता, आणि गावातल्या प्रत्येकाने काय घ्यावे हे त्याला त्या माणसाच्या आधी ठाऊक असायचे. गावाच्या नेमबाजी क्लबचा प्रमुखही तोच होता.

माझ्या बाबतीत मात्र त्याचा अंदाज चुकला. हरणाच्या शिकारीला जाणारे मला उचलून बघत आणि म्हणत, "एवढं धूड घेऊन डोंगर कोण चढणार?" लक्ष्यावर खेळणारे माझ्या नळीवरची अक्षरे वाचत आणि म्हणत, "मॅग्नम? दिवसभर झाडली तर खांदा आणि खिसा दोन्ही जातील." मग मला परत ठेवत. मी वरच्या फळीवर गेले. दर शनिवारी कॉर्विनचा धाकटा भाऊ व्हर्ल दुकानात मदतीला यायचा. तो आठवडाभर रस्ते दुरुस्तीच्या गाड्या नीट करायचा. अबोल, सरळ माणूस. तो मला खाली उतरवून तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि परत ठेवायचा. कॉर्विन दर वेळी कुरकुरायचा, "ही अवदसा कोणाच्या तरी गळ्यात मारायला हवी."

आणि एका शनिवारी त्याने मला गळ्यात मारली. कोणाच्या, तर व्हर्लच्या बायकोच्या.

तिचे नाव ट्वायला. ती शाळेची बस चालवायची. दूरदूरच्या शेतवाड्यांवरून मुलांना आणायचे आणि पोचवायचे, बर्फ असो की धूळ. तिचे हात मजबूत होते आणि डोळे वाऱ्यावर असायचे. गवत कुठे झुकते, धूळ कुठे उडते, ते ती गाडी चालवता चालवता टिपायची. लहानपणी ती वडिलांबरोबर छोट्या बंदुकीने डब्यांवर नेम धरत असे. पुढे ते मागे पडले. मग एकदा क्लबच्या मैदानाजवळ बस थांबवून ती उभी राहिली असताना तिने पोलादी थाळीचा आवाज ऐकला. हजार यार्डांवरची थाळी. गोळी लागून जाते, धूर विरतो, आणि मग मागाहून तो 'ठण्' असा आवाज वाऱ्यावरून चालत येतो. तो आवाज आपण काढायचा, असे तिने ठरवले. स्वतःसाठी म्हणून तिने मागितलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

ती दुकानात आली तेव्हा तिला काय हवे ते नीट ठाऊक होते.

"कॉर्विन, मला लांबचं खेळायचंय," ती म्हणाली. "रायफल साधी चालेल. पण काडतूस महाग नको, कारण मला भरपूर सराव करायचाय. आणि धक्का कमी हवा. तीनशे आठ दे. साडेसहा असेल तर आणखी बरं."

कॉर्विन हसला. "साडेसहा? अगं, ते पोरांना दुधाबरोबर द्यायचं काडतूस आहे. आपल्याकडचा वारा बघितलायस ना? ट्रक उलटे पडतात."

"बघितलाय. त्याच वाऱ्यातून रोज बस नेते मी."

"मग वाऱ्याला फाडत जाणारी गोळी हवी. मॅग्नम!"

"मॅग्नम नको. घोड्यावरून पडले होते तेव्हापासून हा उजवा खांदा कुरकुरतो."

"खांदा सवयीनं तयार होतो. घरचीच आहेस, कमी किमतीत देतो. व्हर्ल, सांग हिला."

व्हर्लच्या हातात मीच होते. त्याने माझ्याकडे बघितले, मग फडक्याकडे बघितले. "कॉर्विनला यातलं कळतं, ट्वायला," तो म्हणाला.

मित्रांनो, कॉर्विन जे बोलला ते अर्धे खरे होते, आणि म्हणूनच मला त्याची जास्त चीड आहे. मॅग्नमची जड गोळी वाऱ्यात कमी ढळते. पण ती झाडणारे माणूस जर धक्क्याच्या भीतीने आधीच डोळे मिटत असेल, तर वाऱ्याचा हिशोब कशाला करायचा? हे त्याला ठाऊक होते. त्याला फळी रिकामी करायची होती. मला तोंड असते तर मी ओरडले असते, "हिने नको म्हटले आहे, ऐकू आले नाही का?" पण माझ्याजवळ आवाज एकच होता, आणि तो तिच्याच खांद्यावर आदळणार होता.

पहिल्याच रविवारी आदळला. मैदानावर पालथी पडून तिने दस्ता खांद्याला लावला, माझ्या पाठीवर बसवलेल्या दुर्बिणीतून नेम धरला, चाप ओढला. मी मागे उसळले आणि दुर्बिणीची कड तिच्या भुवईत घुसली. रक्त तिच्या गालावरून माझ्या दस्त्यावर टपकले.

"मॅग्नमनं मुका घेतला!" मागून कोणीतरी ओरडले.

"पहिलं प्रेम असंच असतं, ट्वायला!" दुसरा म्हणाला. सगळे खो खो हसले. त्यांच्यात ज्यांच्या भुवईवर तसलीच खूण होती ते सर्वांत मोठ्याने हसत होते.

ट्वायलाने रुमालाने भुवई दाबली, दुर्बीण थोडी पुढे सरकवून घेतली आणि पुन्हा पालथी झाली. लोकांना वाटले, बाई खमकी आहे. मला कळत होते की तिचा गाल माझ्यावर टेकताना थरथरतो आहे.

पुढचे वर्षभर मी तिला मारत राहिले. दुसरा शब्द मला वापरता येणार नाही. काडतुसे महाग, म्हणून रोजचा सराव राहिला बाजूला, अधूनमधून थोडीशीच झाडता यायची. जितकी कमी झाडायची तितका धक्का नवा वाटायचा. चाप ओढण्याच्या क्षणभर आधी तिचा खांदा आपोआप आक्रसायचा, डोळा मिटायचा, आणि गोळी थाळीच्या कुठल्या कुठे जायची. वारा तिने बरोबर ओळखलेला असायचा! शेजारी पडलेल्या माणसांना ती सांगायची, "उजवीकडून वाढतोय, थोडं थांब," आणि ते थांबत, आणि त्यांची थाळी वाजे. तिची स्वतःची वाजत नसे. घरी जाताना ती म्हणायची, "माझ्यातच काहीतरी कमी आहे." व्हर्ल गाडी चालवत राहायचा. 

मग शरद ऋतूतली वार्षिक स्पर्धा आली. बायकांनी भाजलेल्या शेंगा, सफरचंदाचे केक, मोठ्या किटलीत कॉफी. सगळा गाव जमलेला. भोंग्यावर कॉर्विन.

"आता येतेय आमच्या घरातली नेमबाज!" त्याचा आवाज माळभर घुमला. "ट्वायला, थाळी राहू दे. मागची टेकडी चांगली मोठी आहे. निदान तिला तरी चुकवू नकोस!"

लोक हसले. व्हर्ल कागदी ताटली हातात घेऊन उभा होता. तोही हसला. अगदी थोडासा, ओठांच्या कडेने, जसे लोक मोठ्या भावाच्या विनोदाला हसतात तसा. पण ट्वायला त्याच क्षणी मागे वळली होती. तिने ते हसू बघितले.

तिची एकही गोळी लागली नाही. शेवटच्या गोळीनंतर ती बराच वेळ उठली नाही, कारण तिला उजवा हात जमिनीवर टेकताच येत नव्हता.

खांद्याच्या आत काहीतरी फाटले होते. जुने दुखणे होते त्याच जागी. डॉक्टरांनी सांगितले, हिवाळाभर हात वर उचलायचा नाही, बसचे चाक तर मुळीच नाही. तिची बस दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली. पहाटे तिची बस निघायची त्या वेळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची आणि दुसऱ्याच कोणाच्या हातात असलेली ती पिवळी गाडी कोपऱ्यावर वळताना बघायची. मला तिने कपाटात ठेवले, व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी. साफ केले नाही, तेल दिले नाही. माझ्या नळीत गंज धरू लागला. नळीचे आतले तोंड तर मॅग्नमच्या आगीने आधीच खरवडले गेले होते. तिने माझी हेळसांड केली म्हणून मी तिच्यावर रागावले नाही. मी तिच्या जागी असते तर असली रायफल विहिरीत टाकून दिली असती.

एका दुपारी बाहेर बर्फाचे वादळ होते. शाळा बंद, दुकाने बंद. व्हर्लने मिरचीचा रस्सा आणि दालचिनीचे रोल केले होते, कारण तिला ते आवडत. कपाटाचे दार किलकिले होते. मला सगळे ऐकू येत होते.

"मी ती विकून टाकणार आहे," ट्वायला म्हणाली. "कोणी घेत असेल तर. माझ्यासारख्या बाईनं या नादाला लागायलाच नको होतं."

चमचा भांड्याला लागल्याचा आवाज झाला. मग व्हर्ल म्हणाला, "ती कोणी घेणार नाही."

"तुला काय माहीत?"

"ती दुकानात किती वर्षं पडून होती, मला माहीत आहे. मीच पुसायचो तिला. कोणालाच नको होती. कॉर्विनला ती काढायची होती."

ट्वायलाची खुर्ची मागे सरकली.

"आणि तू म्हणालास, कॉर्विनला यातलं कळतं."

"हो."

"तुझ्या हातात होती ती, व्हर्ल! तुझ्या हातात! मी 'नको' म्हणाले, 'खांदा दुखतो' म्हणाले, आणि तू फडक्याकडे बघत होतास!"

"लहानपणापासून तो बोलला की मी... मला त्याच्यापुढे बोलताच येत नाही, ट्वायला."

"त्याच्यापुढे येत नाही, मग माझ्यापुढे का नाही आलं? रात्री घरी आल्यावर? गाडीत? वर्षभर मी म्हणत होते, माझ्यातच काहीतरी कमी आहे. तू शेजारी बसून ऐकत होतास." तिचा आवाज फाटला. "आणि वर हसलास."

 तिने रोलची थाळी उचलली, त्याच्यासमोरून नेली आणि ओट्यावर आपटली. त्या रात्रीपासून व्हर्ल बैठकीतल्या कोचावर झोपू लागला. मला वाटले, बरे झाले. एवढ्याने माझे समाधान झाले नाही, पण बरे झाले.

वसंतात तिचा हात वर जाऊ लागला. बस परत मिळाली. आणि एका सकाळी तिने कपाट उघडून मला बाहेर ओढले. व्हर्ल दारात उभा राहिला.

"विकणार?" त्याने विचारले.

"नाही. बदलणार. ऐकलंय की हिची नळी काढून दुसरी लावता येते."

"मी येऊ?"

तिने जरा विचार केला. "गाडी तू चालव. बोलायचं मी."

दक्षिणेला, रेल्वे रुळांच्या पलीकडे कॅसिमिरो आर्चुलेटा नावाचा बंदूक दुरुस्त करणारा माणूस राहायचा. पत्र्याची शेड, तेलाचा वास, पायाशी झोपलेला लठ्ठ कुत्रा. त्याने माझा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, काढला, नळीत दिवा धरून बघितले आणि तोंड वाकडे केले.

"हिची नळी संपलीय. आत भाजून निघालीय. पण अंग चांगलं आहे, सरळ आहे. नट सोडला की नळी निघते, आणि बोल्टचं डोकंही बदलता येतं. कोणतं कॅलिबर हवंय?"

"तूच सांग."

"मी काय सांगू? खांदा तुझा आहे." त्याने स्टूल पुढे सरकवले. "बस. किती लांब झाडणार?"

"हजार यार्ड. त्याच्या पलीकडे नाही."

"कशावर? एल्कसारख्या मोठ्या हरणावर की पोलादावर?"

"फक्त पोलाद."

"पोलादाला ठार करायचं नसतं. लागलं की झालं. किती वेळा झाडणार?"

"दर शनिवार-रविवारी. जमलं तर मधेही. आणि खांदा असा आहे." तिने हात वर नेला, अर्ध्यावर थोडा थांबवला, मग पुढे नेला.

कॅसिमिरोने दाढी खाजवली. "छोटं दोनशे तेवीस सगळ्यांत स्वस्त. धक्का नाहीच. पण तुमच्याकडच्या वाऱ्यात हजारावर ते पाचोळ्यासारखं उडेल. तीनशे आठ म्हणजे खेचर. काडतूस कुठेही मिळेल, नळी वर्षानुवर्षं टिकेल. मी तेच देईन. फक्त हजाराला पोचेपर्यंत गोळी दमते, आणि वारा तिला बराच ढकलतो. धक्का मॅग्नमच्या निम्मा, पण आहे."

"आणि साडेसहा?"

"धक्का आणखी कमी. गोळी लांबट, सडपातळ, वाऱ्यात सरळ जाते. पण नळी तीनशे आठपेक्षा लवकर झिजेल. सांगून ठेवतो, नंतर माझ्या नावानं ओरडायचं नाही."

"झिजू दे," ट्वायला म्हणाली. "नळी बदलता येते. खांदा नाही बदलता येत."

कॅसिमिरो हसला. हे हसणे मैदानावरच्या हसण्यासारखे नव्हते, एवढे मला कळले. मग तो व्हर्लकडे वळला. "आणि तुमचं काय म्हणणं?"

"माझं काही म्हणणं नाही," व्हर्ल म्हणाला. मग म्हणाला, "ती म्हणते ते बरोबर आहे. पहिल्या दिवशीही तिनं हेच मागितलं होतं."

ट्वायला त्याच्याकडे बघत नव्हती. पण तिने ते ऐकले.

मित्रांनो, नळी बदलणे म्हणजे काय असते ते तुम्हाला कसे सांगू? जुनी नळी निघाली तेव्हा मला दुःख झाले नाही. तिच्यातून गेलेली एकही गोळी मला अभिमानाने आठवत नाही. नवी बसली, बोल्टला नवे डोके मिळाले, आणि पुढच्या रविवारी ट्वायला पुन्हा माझ्यामागे पालथी झाली. तिने चाप ओढला. खांदा सवयीने आक्रसला, डोळा मिटला, आणि मी तिला नुसते ढकलले, बस. तिने डोळा उघडला. "एवढंच?" ती स्वतःशीच म्हणाली. दुसऱ्या गोळीला खांदा थोडा कमी आक्रसला. उन्हाळा संपेपर्यंत तिचे शरीर मला विसरले, म्हणजे मी पूर्वी जी होते तिला विसरले. काडतूस परवडत होते, म्हणून ती रोज संध्याकाळी यायची. पहिली थाळी वाजली तेव्हा ती हसली नाही. तो आवाज येऊन विरून जाईपर्यंत ती तशीच पडून राहिली, गाल माझ्यावर टेकवून. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे क्षण होते. ते एक वर्ष आधी आले असते. हे मी विसरू शकत नाही.

पुन्हा शरद, पुन्हा स्पर्धा, पुन्हा भोंगा.

"ट्वायला यंदा साडेसहा घेऊन आलीय," कॉर्विन गरजला. "दुधाची बाटली सोबत आणलीस ना?"

लोक हसले, पण कमी हसले, कारण तिची थाळी वाजू लागली. एकामागून एक. वारा डावीकडून येत होता आणि ती त्याला वाचत होती. तिच्यापेक्षा फक्त एकाचेच गुण जास्त होते, आणि तिच्या बऱ्याच गोळ्या बाकी होत्या. जिंकणे तिच्या हातात होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मी तिच्या खांद्यावर होते, मला ठाऊक आहे.

तेवढ्यात शेजारच्या जागेवर धाडकन मोठा आवाज झाला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. मॅग्नम.

तिथे टॅड क्विलन पडला होता. रेल्वेतून निवृत्त झालेला, काटकुळा म्हातारा. त्याची बायको त्या वर्षी वारली होती आणि घरात बसवत नव्हते म्हणून तो क्लबात येऊ लागला होता. त्याच्या भुवईतून रक्त वाहत होते, डोळ्यात उतरत होते. तो आंधळ्यासारखा बोल्ट चाचपत पुढचे काडतूस भरत होता. मागून तेच जुने ओरडणे आले, "मॅग्नमनं मुका घेतला!"

"थांबा!" ट्वायला ओरडली. "रांग थांबवा!"

मैदानाचा नियम आहे की धोका दिसला तर कोणीही हा शब्द उच्चारावा आणि सगळ्यांनी बोल्ट उघडून हात वर घ्यावेत. सगळे थांबले.

"आता काय झालं?" भोंग्यावरून कॉर्विन. "वेळ चालू आहे हां, ट्वायला. घड्याळ तुझ्यासाठी थांबणार नाही."

"त्याच्या डोळ्यात रक्त आहे आणि बंदूक भरलेली आहे! आणखी काय व्हायला हवं?" तिने मला रिकामे करून खाली ठेवले आणि टॅडजवळ गेली. त्याची बंदूक उघडली, काडतूस काढले, भुवईवर रुमाल दाबला. "टॅड, ही कोणी दिली तुला?"

"कॉर्विननंच," म्हातारा पुटपुटला. "मी म्हटलं होतं, काहीतरी हलकं द्या. ते म्हणाले, बाईमाणसाचं कॅलिबर घेऊन काय करणार."

ट्वायला उभी राहिली. मी तिला इतकी रागावलेली कधी बघितली नव्हती, त्या वादळी दुपारीसुद्धा नाही.

"लोकहो," भोंगा खरखरला, "आमच्या बाईसाहेबांना भाषण..."

आणि भोंगा बंद झाला. व्हर्ल मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्याच्या हातात उपटलेली वायर होती.

"व्हर्ल, लाव ती!" कॉर्विन ओरडला. भोंग्याशिवाय त्याचा आवाज बराच लहान होता.

"नाही," व्हर्ल म्हणाला. वायर त्याने मुठीत गुंडाळून घेतली. "तिचं होऊ दे."

ट्वायला लांबलचक काही बोलली नाही. "दोन वर्षांपूर्वी मी हलकं मागितलं, मला न खपलेली मॅग्नम दिली. माझा खांदा फाटला, माझी बस गेली. तुम्ही हसलात. आज हा हलकं मागत होता. तुम्ही परत हसलात. आता उद्या याचा डोळा जाईल तेव्हा कोण हसणार आहे? हात वर करा, मला बघायचंय!"

कोणी हात वर केला नाही. कोणी कॉफीच्या पेल्यात बघत होते, कोणी बुटांकडे. कॉर्विन म्हणाला, "दुकान माझं आहे. गिऱ्हाईक घेतं ते राजीखुशीनं घेतं."

ट्वायलाने त्याच्याकडे पाठ फिरवली. तिने टॅडला आपल्या जागी आणले. भुवईवर पट्टी बांधली. "माझ्या गोळ्या बाकी आहेत," ती म्हणाली. "त्या तू झाड."

"अगं, पण तुझी स्पर्धा!"

"गेली खड्ड्यात स्पर्धा. पड इथे. वारा मी सांगते."

म्हाताऱ्याचा गाल माझ्यावर टेकला. किती घाबरलेला होता तो! अगदी तिच्यासारखाच थरथरत होता. पहिली गोळी लांब डावीकडे गेली, डोळा मिटला होता. दुसरी जवळ. "थांब... आता," ट्वायला त्याच्या कानाशी म्हणाली. तिसरी गेली, आणि मागाहून थाळीचा आवाज आला. टॅड क्विलन पालथा पडल्या पडल्या रडू लागला. पट्टी ओली झाली. कोणी हसले नाही.

त्या दिवशी चषक भलत्याच माणसाने नेला. घरी जाताना ट्वायला गाडीत बसली आणि म्हणाली, "वायर छान उपटलीस." व्हर्ल म्हणाला, "उशिरा उपटली." "हो," ती म्हणाली. "उशिराच." पण त्या रात्री कोचावरची उशी आत गेली.

कॉर्विनने माफी मागितली नाही. त्याचे दुकान अजून चालते आणि मी खेळणे आहे असे तो अजून लोकांना सांगतो. क्लबाने मात्र त्याला प्रमुखपदावरून काढले, आणि एक नवा नियम केला: ज्याला रायफल घ्यायची आहे त्याने आधी मैदानावर येऊन वेगवेगळ्या कॅलिबरच्या रायफली झाडून बघायच्या, मग दुकानात जायचे. साडेसहाची म्हणून तिथे मी असते. माझी ती नळीही आता झिजत आली आहे, आणि कॅसिमिरोने तिसरी तयार ठेवली आहे. ट्वायला मला दर वेळी साफ करते, तेल देते, बोल्ट काढून वेगळा कुलपात ठेवते.

लोक मला म्हणतील, आता सगळे चांगले झाले, राग सोड. का सोडू? तिचा तो हिवाळा कोणी परत देणार आहे का?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कदाचित बंदूक कधी हातात घेणारही नाही. नाही घेतलीत तरी बरे. पण काही ना काही घ्यायला कोणत्या तरी दुकानात नक्की उभे राहाल, आणि फळीपलीकडचा मोठ्या आवाजाचा माणूस तुम्हाला सांगेल की तुम्हाला जे हवे ते पोरकट आहे. आपल्याला काय हवे, ते किती वेळा वापरणार, अंगाला काय सोसते, हे तुम्हीच त्याला सांगा. तो हसला, तर उठून बाहेर पडा. आणि कोणी दुसरे तिथे उभे राहून 'नको' म्हणत असेल आणि तुम्हाला खरे काय ते ठाऊक असेल, तर हातातल्या फडक्याकडे बघू नका. त्याच क्षणी तोंड उघडा. मला ते उघडता येत नव्हते. तुम्हाला येते.